राफेल-एमच का? लढाऊ विमान आणि क्षेपणास्त्र निवडताना नेमके काय तपासतात

मीनल_फोंडा

नौदलासाठी २६ राफेल-एम (फ्रेंच राफेलचे विमानवाहू नौकेवरून उडणारे रूप) घेण्याचा करार २८ एप्रिल २०२५ रोजी झाला. २२ एकआसनी, ४ दोनआसनी, किंमत सुमारे ६३ हजार कोटी रुपये, आणि २०३० पर्यंत सगळी विमाने हाती यायची आहेत. या निवडीतला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या दाबोळीला, नौदलाच्या हंसा तळावरच्या किनारी चाचणी केंद्रात पार पडला. जानेवारी २०२२ मध्ये राफेल-एम तिथल्या स्की-जंपवरून (टोकाशी वर उचललेल्या उतारावरून) उडाले, मे-जूनमध्ये अमेरिकेचे सुपर हॉर्नेट.

पेपरात आणि टीव्हीवर मात्र वेग, पल्ला आणि किंमत या तीन आकड्यांपलीकडे कोणी जात नाही. निवड करणारे लोक आधी काय बघतात? क्षेपणास्त्र आधी ठरते की विमान? आणि दाबोळीच्या त्या उतारावर नेमके काय मोजले जाते? जाणकारांनी सविस्तर लिहावे. कोणी किती खाल्ले हा विषय इथे नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

झुआरीकाठ

मीनलताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे त्यातून सुटतात.

विक्रांत आणि विक्रमादित्य या दोन्ही विमानवाहू नौकांवर विमान ढकलून देणारे कॅटापुल्ट नाही. विमानाने स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर सुमारे २०० मीटर धावायचे, १४ अंशांच्या उतारावरून वर फेकले जायचे आणि हवेत उरलेला वेग गाठायचा. उताराचे टोक सोडताना विमानाचा वेग सरळ उड्डाणाला पुरेल इतका नसतो. उतार फक्त काही सेकंदांची उसंत मिळवून देतो. त्या सेकंदांत वेग वाढला नाही तर खाली पाणीच आहे. दाबोळीच्या केंद्रात हाच उतार जमिनीवर बांधलेला आहे आणि उतरताना विमान अडवणारी तारही आहे.

राफेल-एम काय आणि सुपर हॉर्नेट काय, दोन्ही विमाने कॅटापुल्टसाठी जन्मलेली. त्यांच्या पुढच्या चाकाचा दांडा पुढून ओढला जाण्यासाठी बनवलेला. उताराच्या वळणावर चढताना मात्र तो दांडा वरून दाबला जातो. म्हणून तिथे पहिले मोजमाप असते ते चाकाचा दांडा किती दबतो आणि तळाला जाऊन आदळतो का याचे. दुसरे, पंखाखाली टांगलेल्या क्षेपणास्त्रांच्या आणि टाक्यांच्या पायलॉनवर, म्हणजे टांगायच्या आधारावर, किती ताण येतो. तिसरे, टोक सोडल्यावर विमान किती खाली बसते. सुरुवात हलक्या वजनाने होते. प्रत्येक उड्डाणाचा डेटा बघून वजन पायरीपायरीने वाढवतात. एकदम भरलेले विमान कोणी उतारावर सोडत नाही.

जमिनीवरच्या उताराला दोन मर्यादा आहेत. नौका २५-२८ नॉटने वाऱ्यावर चालत असते, तो आयता वारा दाबोळीत मिळत नाही, तो गणिताने जोडावा लागतो. आणि जमीन हलत नाही. डेक वरखाली होतो, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर. म्हणून हंसावरची चाचणी पास होणे म्हणजे "हे विमान उतारावरून उडू शकते" एवढेच सिद्ध होणे. किती भार घेऊन, कुठल्या वाऱ्यात, याचे अंतिम तक्ते नौकेवरच बनतात.

उतरताना उलटे होते. किनाऱ्यावर नौकेचा वेग वजा होत नाही, त्यामुळे तारेवर येणारी ऊर्जा जास्त असते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे सगळे शाळेत शिकलो आहोत. डेकवर १०० मीटरच्या आत विमान थांबले पाहिजे. तार विमानाच्या वजनानुसार लावावी लागते. पायलटने कळवलेले वजन आणि यंत्रावर लावलेले वजन जुळले नाही तर दोन गोष्टी होतात: तार सैल पडून विमान पुढे घसरते, किंवा फार कडक लागून हुक आणि सांगाड्यावर नको इतका झटका बसतो. चाके टेकली की पायलट इंजिन पूर्ण जोरात नेतो, कारण हुक तारेवरून उडाला तर पुन्हा उडायला तेवढाच अवधी असतो.

आता गोव्याचा मे महिना घ्या. १५ अंशांच्या प्रमाण हवेच्या तुलनेत ३४ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. पंखाला उचल कमी, इंजिनाला हवा कमी, आणि मे महिन्यात समुद्रावर वाराही पडलेला. माहितीपत्रकातला "कमाल भार ९.५ टन" हा आकडा लांब धावपट्टीचा आहे. उतारावरून मेमधल्या दुपारी किती भार उचलतो, हा खरा आकडा. निवड समितीला तोच हवा असतो आणि कंपनी तो शेवटी देते.

वास्कोकर_०८

वर एक गोष्ट राहिली, ती म्हणजे परत आणायचा भार. गस्तीवर गेलेले विमान दहापैकी नऊ वेळा काही न डागता परत येते. उतरण्याच्या वजनाची मर्यादा कमी असेल तर महागडी क्षेपणास्त्रे समुद्रात टाकून उतरावे लागते. शिवाय तार हुकली तर पुन्हा फेरी मारण्याइतके आणि तेही जमले नाही तर दाबोळी किंवा जवळचा दुसरा तळ गाठण्याइतके इंधन शिल्लक हवे. तेही वजनच. म्हणजे रिकामे विमान + परतीचे राखीव इंधन + न वापरलेली शस्त्रे ही बेरीज मर्यादेच्या आत बसायला हवी.

नौदलाच्या जुन्या सी हॅरियर विमानांच्या काळात हा प्रश्न सर्वांत जाचक होता. ते सरळ खाली उतरायचे, म्हणजे सगळे वजन इंजिनाच्या झोतावर तोलायचे, आणि उष्ण दमट हवेत तोच झोत कमी पडायचा. बोगमाळोच्या वाटेवरच्या नौदल विमान संग्रहालयात गेलात तर सी हॅरियरच्या कुशीला दोन्ही बाजूंनी फिरणारी चार तोंडे दिसतात, त्यांतूनच हा झोत बाहेर पडतो. शेजारच्या सी हॉक आणि अलिझेच्या शेपटीखाली हुक आहे, सी हॅरियरला नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एवढा फरक जरूर दाखवावा.

रडारवेडा

मीनलताईंनी विचारले आहे, क्षेपणास्त्र आधी की विमान? माझे मत स्पष्ट आहे: क्षेपणास्त्र आणि रडार यांची जोडी आधी. विमान म्हणजे ती जोडी योग्य ठिकाणी, योग्य उंचीवर नेणारे वाहन. भारतात बऱ्याच वेळा उलटे झाले, विमान आले आणि मग त्याला काय टांगायचे यावर वर्षे गेली.

आधी पल्ल्याचा गैरसमज दूर करू. "१०० किमी पल्ला" याचा अर्थ दोन्ही विमाने खूप उंचीवर, वेगात आणि समोरासमोर येत असताना सोडले तर. तेच लक्ष्य पाठ फिरवून खाली पळू लागले तर तेच क्षेपणास्त्र त्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्यावरही कमी पडू शकते. साध्या रॉकेट मोटरचे क्षेपणास्त्र सुरुवातीचे काही सेकंद जळते आणि उरलेला प्रवास मिळालेल्या वेगावर करते. शेवटी लक्ष्याने जोरात वळण घेतले की त्याच्याकडे वळायला ताकदच उरत नाही. राफेलवरच्या मिटिऑर क्षेपणास्त्राचे महत्त्व इथे आहे. त्यात रॅमजेट आहे, म्हणजे हवा आत घेऊन इंधन पुरवून वापरणारे इंजिन. ते प्रवासात जोर राखून ठेवते आणि शेवटच्या टप्प्यात वापरते. त्यामुळे "इथून सुटका नाही" असा जो पट्टा असतो, तो खूप रुंद होतो. निवड करणारे कमाल पल्ला विचारत नाहीत, हा पट्टा विचारतात, आणि तोही वेगवेगळ्या उंचीचा तक्ता म्हणून.

वजनेही बघा. फ्रेंच मायका ११२ किलो, स्वदेशी अस्त्र मार्क-१ १५४ किलो, रशियन आर-७७ सुमारे १७५ किलो, मिटिऑर १९० किलो. स्की-जंपवर चार क्षेपणास्त्रांमागे ३०० किलोचा फरक म्हणजे तेवढे इंधन कमी. जहाजविरोधी एक्झोसेट ६७० किलोचे, राफेल-एमला ते चालते. सुखोईवर टांगले जाणारे ब्रह्मोस अडीच टनांचे आहे. ते नौकेवरच्या विमानाला झेपणारे नाही, म्हणून हलकी आवृत्ती बनवण्याचे काम चालू आहे.

आता जोडीचा मुद्दा. लांबचे क्षेपणास्त्र तीन टप्प्यांत जाते. सुटल्यावर स्वतःच्या जडत्वीय दिशादर्शनावर, मध्ये विमानाकडून डेटालिंकवर येणाऱ्या सुधारणांवर, आणि शेवटी स्वतःच्या सीकरवर, म्हणजे लक्ष्य शोधणाऱ्या यंत्रणेवर. मधला टप्पा विमानाच्या रडारवर आणि मिशन कॉम्प्युटरवर अवलंबून आहे. म्हणजे "आमच्या विमानावर तुमचे क्षेपणास्त्र लावा" हे पायलॉन बदलण्याइतके सोपे नसते. रडारच्या आणि शस्त्र-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरावे लागते, आणि त्याची किल्ली विमान बनवणाऱ्याकडे असते.

याचे उदाहरण दाबोळीचेच आहे. सी हॅरियर ब्रिटिश, पण त्याला इस्रायलचे डर्बी क्षेपणास्त्र लावले गेले. हे जमले कारण त्याच वेळी त्याचे रडारही बदलून इस्रायलचे ईएल/एम-२०३२ बसवले. रडार आणि क्षेपणास्त्र एकाच घरचे, म्हणून संभाषण जुळले. तेजसच्या सुरुवातीच्या विमानांवरही हीच जोडी आली.

सह्यवारा

रडारवेडा यांच्याशी सहमत, पण झुआरीकाठ बाब यांच्या पोस्टवरून असे वाटते की राफेल-एम उतारावर आपोआप जिंकले. आकडे तसे म्हणत नाहीत.

राफेल-एमचे रिकामे वजन सुमारे १०.६ टन, दोन एम-८८ इंजिने प्रत्येकी ७५ किलोन्यूटन, म्हणजे मिळून साधारण १५.३ टन जोर. सुपर हॉर्नेट सुमारे १४.५ टन, दोन एफ-४१४ प्रत्येकी ९८ किलोन्यूटन, मिळून २० टन. दोघांवर सारखे ६ टन इंधन आणि शस्त्रे टाका. राफेलचे जोर-वजन प्रमाण ०.९२ येते, हॉर्नेटचे ०.९८. शिवाय हॉर्नेटचे पंख दुमडतात, राफेलचे नाहीत. विक्रांतच्या लिफ्ट नौदलाचे रशियन मिग-२९के डोळ्यांसमोर ठेवून आखल्या गेल्या, आणि मिगचेही पंख दुमडतात. राफेलची रुंदी टोकावरच्या क्षेपणास्त्रांसह १०.९ मीटर. टोकावरचे लाँचर उतरवले की ती कमी होते, पण प्रत्येक वेळी खाली नेताना ते काढायचे आणि वर आणल्यावर लावून तपासायचे, हा डेकवरच्या कामगारांचा वेळ आहे. हँगरमध्ये न दुमडणारे विमान जागाही जास्त खाते. आणि सर्वांत मोठे म्हणजे राफेलचे दोनआसनी विमान नौकेवरून चालत नाही. ती ४ विमाने किनाऱ्यावरच्या प्रशिक्षणापुरती. हॉर्नेटचे दोनआसनी विमान डेकवर चालते.

झुआरीकाठ

सह्यवारा, तुमचे आकडे बरोबर आहेत आणि दोनआसनीचा तोटा खराच आहे, तो कोणी लपवू नये.

पण सारखा भार टाकणे ही तुलना पूर्ण होत नाही. सारखी कामगिरी टाकून बघा. तीच गस्त, तेच अंतर, तेवढाच वेळ हवेत राहायचे असेल तर जड विमानाला जास्त इंधन लागते. मग हॉर्नेटचे ६ टन ७-८ वर जातात आणि प्रमाण खाली येते. पंखाचा आकार आणि पुढचे छोटे पंख यांनी कमी वेगात मिळणारी उचलही या भागाकारात दिसत नाही. दाबोळीत दोघांनीही उड्डाणे करून दाखवली, तेव्हा उतारावर कोणी नापास झाले असे नाही. निवड दुसऱ्या टप्प्यावर झुकली, आणि तो टप्पा सुट्या भागांचा आहे.

हवाई दलाकडे ३६ राफेल आधीपासून आहेत. सप्टेंबर २०१६ चा करार, पहिली पाच अंबाल्याला २९ जुलै २०२० रोजी उतरली, शेवटचे डिसेंबर २०२२ मध्ये आले. इंजिन तेच, रडार तेच, मिटिऑर आणि मायका तीच. सुट्या भागांचा साठा, तंत्रज्ञांचे प्रशिक्षण, चाचणीची उपकरणे, सगळ्याचा पाया घातलेला. फक्त २६ विमानांसाठी नवा अमेरिकन पसारा उभा करणे म्हणजे प्रत्येक विमानामागचा खर्च कितीतरी वाढणे. ३६ आणि २६ मिळून ६२ विमानांचा ताफा झाला की कारखान्याशी बोलण्याची ताकदही वेगळी होते.

मीनल_फोंडा

६३ हजार कोटी भागिले २६ केले तर एका विमानाला २,४०० कोटींहून जास्त पडतात. हा आकडा सगळीकडे फिरतो आहे. तो बरोबर धरायचा का?

वास्कोकर_०८

नाही. त्या रकमेत विमानांबरोबर शस्त्रे, सिम्युलेटर, प्रशिक्षण, जमिनीवरची उपकरणे आणि कामगिरीवर आधारित देखभाल आहे. हवाई दलाच्या आधीच्या राफेलसाठी काही साहित्यही त्यातच आहे. दोन देशांच्या किमतींची तुलना करताना पॅकेजमध्ये काय आहे हे न बघता भागाकार करणे निरर्थक.

कामगिरीवर आधारित देखभाल म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीत आपण सुटे भाग विकत घ्यायचो. भाग वेळेवर आला नाही तर विमान उभे, आणि नुकसान आपले. या पद्धतीत पुरवठादाराने ठरलेल्या टक्केवारीइतकी विमाने उड्डाणयोग्य ठेवायची हमी द्यायची असते. हवाई दलाच्या ३६ राफेलच्या करारात ही हमी ७५ टक्के होती.

हे कलम का हवे, याचे उत्तर मिग-२९के मध्ये आहे. महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालात मिग-२९के ची उड्डाणयोग्यता १५.९३ ते ३७.६३ टक्के नोंदली आहे, दोनआसनीची २१.३० ते ४७.१४. फेब्रुवारी २०१० पासून ४० इंजिने, म्हणजे ६२ टक्के, रचनेतल्या दोषांमुळे सेवेतून काढावी किंवा नाकारावी लागली, असेही त्यात आहे. विमान उडण्यात वाईट नाही. पण ४५ विमाने घेतली आणि डेकवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उभी राहिली, तर त्या खरेदीचा अर्थ काय?

२६ चे गणित करून बघा. ४ दोनआसनी किनाऱ्यावर. उरली २२. दोन-तीन मोठ्या देखभालीत. उरलेल्यांपैकी ७५ टक्के धरली तर १४-१५. त्यांतून काही पायलटांच्या प्रशिक्षणाला हंसावर लागणार. नौकेवर एका वेळी डझनभर मिळाली तरी चांगले. टक्केवारी ४० वर आली तर हाच आकडा सहा-सातवर येतो, आणि मग चोवीस तास गस्त ठेवणेच अशक्य होते. माझ्या मते राफेल-एमच्या पसंतीत सर्वांत वजनदार गोष्ट हीच असायला हवी.

इंजिनाची रचनाही बघतात. एम-८८ एकवीस मॉड्यूलमध्ये सुटे होते. बिघडलेले मॉड्यूल बदलायचे, पूर्ण इंजिन कारखान्यात पाठवायचे नाही. नौकेवर जिथे राखीव इंजिन ठेवायला जागा मोजकी, तिथे हा मोठा फायदा.

आणि खारी हवा. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना खिडकीच्या बिजागऱ्यांचे काय होते ते माहीत आहे. विमानात मीठ कॉम्प्रेसरच्या पात्यांवर साचते, म्हणून उड्डाणांनंतर शुद्ध पाण्याने इंजिन धुवावे लागते. विद्युत जोडण्यांच्या पिनांवर हिरवट थर धरतो आणि मग असे दोष येतात जे कधी दिसतात, कधी नाही. शोधायला सर्वांत अवघड तेच. कार्बन फायबरला ॲल्युमिनियम जिथे टेकते तिथे ओलावा शिरला की ॲल्युमिनियम झपाट्याने कुजते. मधला रोधक थर आणि खिळ्यांचे सीलंट शाबूत आहे का हे बघणे ही रोजची कामे. जमिनीवरचे विमान "नौदलासाठी बदलून देतो" असे कोणी म्हणाले की पहिला प्रश्न हा विचारावा: सांगाडा मुळात समुद्रासाठी रचला आहे की वरून रंग दिला आहे?

पेडणे_ते_पाळोळे

तेजसचे नौदल रूप दाबोळीच्या उतारावरून २० डिसेंबर २०१४ रोजी उडाले. १३ सप्टेंबर २०१९ रोजी इथेच तार पकडून उतरले आणि ११ जानेवारी २०२० रोजी विक्रमादित्यवर. मग ते सोडून विदेशी विमान का? हा अन्याय वाटतो.

झुआरीकाठ

अन्याय नाही, इंजिन एकच आहे. एका इंजिनाच्या जोरावर उतारावरून पुरेशी शस्त्रे आणि पुरेसे इंधन एकत्र उचलता येत नाही. त्या चाचण्या वाया गेल्या नाहीत. उतारावर विमान आपोआप सांभाळणारे नियंत्रण-सॉफ्टवेअर, हुकची रचना, चाकाच्या दांड्याचे भार, हे सगळे ज्ञान दोन इंजिनांच्या स्वदेशी डेक विमानासाठी वापरले जाते आहे. ते विमान यायला पुढचे दशक लागणार, तोवरची पोकळी २६ राफेल भरतील.

दोन इंजिनांवर मात्र आंधळा विश्वास नको. नोव्हेंबर २०१९ मध्ये वेर्ण्याच्या पठाराजवळ मिग-२९के चे प्रशिक्षण विमान पडले. पक्ष्यांचा थवा आदळला, डावे इंजिन विझले आणि उजव्याला आग लागली. दोन्ही वैमानिक बाहेर पडून वाचले. हवा आत घेणारी दोन्ही तोंडे जवळजवळ असतात, त्यामुळे थव्यापुढे दुसरे इंजिन ही हमी नसते. धावपट्टीच्या आसपास उघड्यावर मासळी-मटणाचा कचरा पडला की घारी येणारच. हजारो कोटींच्या विमानाची सुरक्षा पंचायतीच्या कचरागाडीवरही अवलंबून आहे, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितो आहे.

सह्यवारा

हवाई दलाच्या १२६ विमानांच्या स्पर्धेचा उल्लेख इथे यायला हवा, कारण निवडीची पद्धत म्हणून ती उत्तम होती आणि खरेदी म्हणून फसली. ऑगस्ट २००७ मध्ये निविदा, सहा विमाने, सहाशेहून अधिक निकष. दमट हवेसाठी बंगळूर, उष्णतेसाठी जैसलमेर, विरळ हवेसाठी लेह. लेहचा विमानतळ सुमारे ३,२५० मीटरवर आहे, तिथे इंजिन बंद करून पुन्हा सुरू होते का आणि शस्त्रांसह उडता येते का, हे बघितले. एप्रिल २०११ मध्ये राफेल आणि टायफून उरले, जानेवारी २०१२ मध्ये राफेल स्वस्त ठरले. पुढे १०८ विमाने भारतात बनवायची त्यांची हमी कोणी घ्यायची आणि त्याला किती मनुष्य-तास लागतील, यावर घोडे अडले. तांत्रिक परीक्षा कितीही काटेकोर घेतली तरी "बनवणारा कोण आणि जबाबदार कोण" हे निविदेच्या मसुद्यातच बांधून घेतले नाही तर सगळे वर्षानुवर्षे लटकते. दरम्यान २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झाले आणि मंजूर ४२ स्क्वाड्रनच्या जागी २९ उरल्या.

मीनल_फोंडा

सगळ्यांचे मनापासून आभार. रडारवेडा, एक राहिले. राफेल-एमवर आपले अस्त्र लावायचे ठरले तर प्रत्यक्षात कोणत्या पायऱ्या असतात? आणि क्षेपणास्त्रे किती घ्यायची हे कसे ठरवतात?

रडारवेडा

पायऱ्या साधारण अशा जातात.

आधी जमिनीवर. क्षेपणास्त्र पायलॉनवर बसते का, चाकांचे दरवाजे आणि शेजारची टाकी यांना लागत नाही ना, विमानाच्या डेटा बसवर दोघे बोलतात का. मग नुसते टांगून उड्डाणे. यात पंखाची थरथर बघतात, कारण पंखाच्या टोकाकडे वजन बदलले की ठरावीक वेगाला पंख स्वतःहून हेलकावू लागण्याचा धोका असतो. त्यानंतर मोटर नसलेले किंवा दिशादर्शन नसलेले क्षेपणास्त्र सोडून ते विमानापासून स्वच्छ दूर जाते का हे वेगवान कॅमेऱ्यांनी टिपतात. सुटलेले क्षेपणास्त्र वर उसळून शेपटीला लागणे किंवा त्याच्या धुराने इंजिन गुदमरणे, हे दोन अपघात इथे टाळायचे असतात. मग टेलिमेट्री (उडताना मोजमापे खाली पाठवणारी यंत्रणा) लावलेले क्षेपणास्त्र खऱ्या लक्ष्य-विमानावर, आणि शेवटी स्फोटकासह.

हे सगळे आपल्या समोरच्या समुद्रावर घडलेले आहे. तेजसने आर-७३ क्षेपणास्त्र पहिल्यांदा गोव्याच्या किनाऱ्यापलीकडे २५ ऑक्टोबर २००७ रोजी सोडले. पायथन-५ आणि डर्बीच्या चाचण्या एप्रिल २०२१ मध्ये. २३ ऑगस्ट २०२३ रोजी तेजसने अस्त्र सोडले, सुमारे २०,००० फुटांवरून. अशा दिवशी ट्रॉलरना ठरावीक क्षेत्रात जायला मनाई असते, त्यामागचे कारण हेच.

अस्त्र सुखोईवरून मे २०१४ मध्ये पहिल्यांदा सुटले आणि विकास-चाचण्या पूर्ण व्हायला सप्टेंबर २०१७ उजाडले. ही सुखोईची गोष्ट, जिच्या सॉफ्टवेअरवर आपला बराच ताबा आहे. राफेल-एमच्या करारात स्वदेशी शस्त्रे जोडण्यासाठी तंत्रज्ञान हस्तांतराचे कलम आहे. त्याची किंमत मिटिऑरपेक्षा जास्त मानतो मी. ते कलम कागदावर न राहता नीट राबवले गेले तर पुढच्या वीस वर्षांत कोणते क्षेपणास्त्र टांगायचे हे आपण ठरवू.

संख्येबद्दल. एका लक्ष्यावर बहुधा दोन क्षेपणास्त्रे धरतात. ४० लक्ष्ये गृहीत धरली तर ८०. त्यावर सराव आणि दर्जा-तपासणीसाठी सोडायची. त्यावर मुदत संपणारी, कारण घन इंधनाला भेगा पडतात आणि आतली बॅटरी एकदाच चालणारी असते. आणखी एक हिशेब खरेदीच्या बातम्यांत कधी दिसत नाही: प्रत्येक क्षेपणास्त्र विमानाला टांगून किती तास उडवता येते याला मर्यादा असते. कंपन आणि डेकवर उतरतानाचे झटके सीकरची मांडणी हलवतात. म्हणून रोजच्या उड्डाणांना निळा पट्टा असलेले सरावाचे क्षेपणास्त्र लावतात, ज्यात सीकर असतो, मोटर आणि स्फोटक नसते. पाश्चात्त्य पद्धतीत खऱ्यावर स्फोटकाजवळ पिवळा आणि मोटरजवळ तपकिरी पट्टा असतो. हंसाच्या कार्यक्रमांतले फोटो बघताना पट्ट्यांचा रंग बघा, काय टांगले आहे याचा अंदाज येतो.

साठवण गोव्यात फार काळजीची. बंद डब्यात सिलिका जेल, बाहेरून दिसणारा आर्द्रतेचा दर्शक, आणि रंग बदललेला दिसला की डबा उघडून कोरडा करून पुन्हा तपासणी. जून ते सप्टेंबर हे काम दुप्पट होते.

एक शेवटचे, कारण लांबच्या क्षेपणास्त्रांबरोबर ते येतेच. ७० किमीवरचे विमान शत्रूचे की आपले हे ओळखणारी यंत्रणा नौदल, हवाई दल आणि जमिनीवरच्या तोफखान्याची एकच बोलली पाहिजे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगामला आपलेच एमआय-१७ आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, सहा जवान आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. राफेल-एम, मिग-२९के, युद्धनौकांवरची बराक-८ क्षेपणास्त्रे आणि हवाई दलाची विमाने एकाच आकाशात असतील तेव्हा ओळख-यंत्रणेचे संकेत सगळ्यांवर जुळवून घेणे, हे शस्त्र जोडण्याच्या यादीत पहिल्या पानावर असायला हवे.

मीनल_फोंडा

देव बरें करूं. पट्ट्यांच्या रंगांची आणि परतीच्या भाराची माहिती वेगळ्या प्रतिसादात एकत्र करून ठेवते, नवीन वाचकांना शोधावी लागू नये म्हणून. विक्रांतच्या लिफ्ट आणि हँगरबद्दल कोणाकडे अधिकृत मोजमापे असतील तर ती याच धाग्यात टाका.